रिस्ट्रिक्शन एन्झाइम: जिवाणू डीएनए नेमका कुठे कापतात, आणि आपल्या विदर्भातल्या सिकलसेलशी त्याचा काय संबंध

अंबाझरी (धागाकर्ती)

सिकलसेल (लाल रक्तपेशी वाकवणारा आनुवंशिक आजार) तपासणीच्या धाग्यावर मी लिहिलं होतं की गर्भातलं निदान एके काळी रिस्ट्रिक्शन एन्झाइम वापरून करत. त्यावर बऱ्याच जणांनी विचारलं की हे एन्झाइम म्हणजे काय, आणि एवढ्या लांबलचक डीएनएमध्ये ते बरोबर ठरलेल्या जागीच कसं कापतं. तिथे उत्तर दिलं असतं तर मूळ विषय बाजूला पडला असता, म्हणून हा वेगळा धागा. मी नागपुरात पदवीच्या मुलांना हे शिकवते आणि हा माझा अतिशय आवडता विषय आहे. लांबेल, सांभाळून घ्या.

जिवाणूंनाही विषाणूंची लागण होते. या विषाणूंना फाज म्हणतात. फाज जिवाणूच्या अंगावर चिकटतो, स्वतःचा डीएनए आत सोडतो आणि तासाभराच्या आत त्या पेशीतून नव्या फाजांची पलटण बाहेर पडते. पेशी फुटून मरते.

१९५२-५३ च्या सुमारास अमेरिकेत दोन वेगवेगळ्या गटांना, लुरिया आणि ह्यूमन यांना व बर्तानी आणि वाइगल यांना, फाजांचं एक विचित्र वागणं दिसलं. लॅम्डा नावाचा फाज इ. कोलाय या जिवाणूच्या 'सी' वाणात वाढवला आणि मग 'के' वाणावर सोडला, तर साधारण दहा हजारांत एखादाच टिकतो. बाकीचे आत शिरतात आणि संपतात. आता जो टिकला त्याची पिल्लावळ घ्या आणि पुन्हा 'के'वर सोडा: सगळी वाढते! इथपर्यंत कुणीही म्हणेल की टिकलेल्या फाजात उत्परिवर्तन झालं असणार. पण त्याच पिल्लावळीला एकदाच 'सी'मधून फिरवून आणलं, की 'के'वर पुन्हा दहा हजारांत एक.

इथे थांबून विचार करा, कारण पुढचं सगळं यातूनच निघतं. उत्परिवर्तन असतं तर ते एका फेरीत पुसलं गेलं नसतं. म्हणजे डीएनएची अक्षरं बदललेली नाहीत. मागच्या मुक्कामी त्या डीएनएवर काहीतरी खूण केली गेली होती, आणि पुढचा यजमान ती खूण बघून आपला-परका ठरवतो.

जिनिव्हात व्हर्नर आर्बर आणि डेझी डुसुआ यांनी १९६२ मध्ये दाखवलं की खूण खरोखर डीएनएवरच असते आणि खूण नसलेला डीएनए आत आल्यावर त्याचे तुकडे होतात. ती खूण म्हणजे मिथाइल गट, ही कल्पना आर्बर यांनी पुढे मांडली आणि ती बरोबर ठरली. जिवाणूकडे दोन एन्झाइमांची, म्हणजे रासायनिक कामं करणाऱ्या प्रथिनांची, जोडी असते. दोघंही एकच छोटा क्रम ओळखतात. एक त्या क्रमावर मिथाइल गट लावतं, दुसरं मिथाइल नसलेला तोच क्रम दिसला की डीएनए कापतं. हे कापणारं म्हणजेच रिस्ट्रिक्शन एन्झाइम. स्वतःच्या डीएनएवर सगळीकडे खुणा, म्हणून तो सुरक्षित. फाजाच्या डीएनएवर खुणा नाहीत, म्हणून तो कापला जातो. क्वचित एखाद्या फाजाच्या डीएनएवर कापणाऱ्याच्या आधी खूण लावणारं पोचतं. दहा हजारांतला तो वाचलेला एक म्हणजे हाच.

१९६८ मध्ये मेसेलसन आणि युआन यांनी 'के' वाणातलं कापणारं एन्झाइम वेगळं काढलं. पण त्याला आज आपण टाइप वन म्हणतो. ते ओळखतं एकीकडे, आणि एटीपी (पेशीचं इंधन) खर्च करून डीएनए ओढत हजारो अक्षरं दूर कुठेतरी कापतं. प्रयोगशाळेत त्याचा उपयोग फारसा नव्हता. उपयोगाचं एन्झाइम मिळालं हॅमिल्टन स्मिथ आणि केंट विलकॉक्स यांना, बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये. हिमोफिलस इन्फ्लुएन्झा हा जिवाणू बाहेरचा डीएनए आत घेतो, त्याचा अभ्यास चालला होता. त्याला पी-२२ फाजाचा डीएनए दिला तर तो नंतर परत सापडेना. पेशींचा अर्क काढून त्यात हा डीएनए मिसळला तर द्रावणाची चिकटाई भराभर उतरली, म्हणजे लांब रेणूंचे तुकडे पडत होते. त्याच अर्कात हिमोफिलसचा स्वतःचा डीएनए मिसळला तर चिकटाई जशीच्या तशी. १९७० मध्ये हे प्रसिद्ध झालं. ते एन्झाइम, हिंड-टू, ओळखीच्या क्रमाच्या बरोबर मध्यावर कापत होतं.

पुढच्याच वर्षी त्याच संस्थेत कॅथलीन डॅना आणि डॅनियल नेथन्स यांनी या एन्झाइमने एसव्ही-४० विषाणूचा डीएनए कापला आणि जेलवर, म्हणजे विजेच्या ओढीने तुकडे लांबीप्रमाणे वेगळे करणाऱ्या थरावर, ११ ठरावीक तुकडे वेगळे केले. दर वेळी तेच ११. डीएनएचा नकाशा काढता येतो हे त्या जेलने सिद्ध केलं. १९७८ चं नोबेल आर्बर, नेथन्स आणि स्मिथ यांना मिळालं. डुसुआ, विलकॉक्स आणि डॅना ही नावं मी वर्गात मुद्दाम सांगते, कारण प्रयोग त्यांच्या हातून झालेले आहेत.

प्रश्न विचारा. सिकलसेलचा भाग प्रतिसादात लिहीन.

---

धंतोलीकर

वा! मॅडम, मी हिशेब तपासणारा माणूस, बारावीनंतर विज्ञान सुटलं, तरी सलग वाचलं. दोन शंका.

एक, "क्रम ओळखतं" म्हणजे नक्की काय? एन्झाइमला डोळे नाहीत. दोन, हा क्रम किती लांब असतो? फार छोटा असेल तर सगळीकडेच सापडेल ना?

---

अंबाझरी

धंतोलीकर, दुसरी आधी घेते, ती तुमच्या आकडेमोडीची आहे. डीएनएची अक्षरं चार: ए, टी, जी, सी. सहा अक्षरांचा ठरावीक क्रम निव्वळ योगायोगाने दर ४ चा सहावा घात, म्हणजे ४,०९६ अक्षरांमागे एकदा यावा. चार अक्षरी क्रम २५६ मागे, आठ अक्षरी ६५,५३६ मागे. म्हणून बारीक तुकडे हवे असतील तर चार अक्षरं ओळखणारं हे-थ्री घ्यायचं, मोठे हवे असतील तर आठ अक्षरांचं नॉट-वन.

पण हा नुसता सरासरीचा हिशेब झाला. लॅम्डा फाजाचा डीएनए ४८,५०२ अक्षरजोड्यांचा आहे. सहा अक्षरी इको-आर-वनच्या जागा त्यात बाराच्या आसपास असायला हव्यात. प्रत्यक्षात आहेत ५. टी-सेव्हन फाजात तर इको-आर-वनची एकही जागा नाही. जिवाणूंच्या ज्या शस्त्राशी वारंवार गाठ पडते त्याच्या जागा फाजांच्या डीएनएतून पिढ्यानुपिढ्या गळत जातात. टी-फोरने वेगळाच उपाय केला आहे: सायटोसिनऐवजी तो बदललेलं सायटोसिन वापरतो आणि त्यावर ग्लुकोज चढवतो, त्यामुळे बहुतेक एन्झाइमांना जागा ओळखताच येत नाही.

आता ओळखीबद्दल. इको-आर-वन ओळखतं तो क्रम जी-ए-ए-टी-टी-सी. डीएनएचे दोन पदर उलगडायची गरज नसते. दुहेरी पिळाच्या बाहेरच्या बाजूला एक रुंद खोबण असते, तिच्यात प्रत्येक अक्षरजोडीची कड उघडी असते. कुठे हायड्रोजन देणारा अणू, कुठे घेणारा, कुठे मिथाइल गट, अशी प्रत्येक जोडीच्या कडेची मांडणी निराळी. एन्झाइमची अमिनो आम्लं त्या खोबणीत शिरून हायड्रोजन बंध जोडतात. सहाही जागी बंध जुळले तरच एन्झाइम डीएनएला वाकवून घट्ट आवळून धरतं, आणि तेव्हाच मॅग्नेशियमचा आयन व पाण्याचा रेणू योग्य जागी येतात. त्या पाण्याच्या रेणूने डीएनएच्या कण्यातला फॉस्फेटचा बंध तुटतो. चुकीच्या जागीही एन्झाइम बसतं, घसरत घसरत पुढे जातं, पण तिथे ही शेवटची जुळणी पूर्ण होत नाही. एक अक्षर वेगळं असेल तर कापण्याचा वेग लाखो पटींनी पडतो.

---

वर्धारोड

लेख एकदम भारी. जी-ए-ए-टी-टी-सी हे उलटसुलट सारखं असतं असं कुठेतरी वाचलं होतं, "चिमा काय कामाची" सारखं. पण मी वाचून राहिलो तर उलटं वाचल्यावर सी-टी-टी-ए-ए-जी येते. हे काऊन सारखं म्हणायचं बाप्पा?

---

अंबाझरी

वर्धारोड, फार चांगलं पकडलंत. "चिमा काय कामाची" एकाच ओळीत उलट वाचायचं असतं. डीएनएत ओळी दोन, आणि त्यांच्या दिशा एकमेकींच्या विरुद्ध. वरचा पदर डावीकडून: जी-ए-ए-टी-टी-सी. त्याच्यासमोर जोडीदार लिहा, एसमोर टी आणि जीसमोर सी: सी-टी-टी-ए-ए-जी. आता हा खालचा पदर त्याच्या स्वतःच्या दिशेने, म्हणजे उजवीकडून वाचा: जी-ए-ए-टी-टी-सी. दोन्ही पदरांवर एकच मजकूर.

याला कारण एन्झाइमची बांधणी आहे. टाइप टूची, म्हणजे हिंड-टू, इको-आर-वनसारखी ठरल्या जागी कापणारी, पुष्कळशी एन्झाइमं दोन अगदी सारख्या अर्ध्या भागांची असतात. एक अर्धा एक पदर कापतो, दुसरा अर्धा दुसरा. दोघांना सारखाच मजकूर दिसायला हवा, म्हणून क्रम सममित.

इको-आर-वन दोन्ही पदरांवर जी आणि ए यांच्यामध्ये कापतं. त्यामुळे काप सरळ न पडता नागमोडी पडतो आणि दोन्ही टोकांना ए-ए-टी-टी असं चार अक्षरांचं एकेरी शेपूट उरतं. इको-आर-वनने कापलेला कुठलाही डीएनए घ्या, माणसाचा, कापसाचा, जिवाणूचा, शेपटं एकमेकांना जुळतात. लायगेज एन्झाइमने ती कायमची सांधता येतात. १९७३ मध्ये कोहेन आणि बॉयर यांनी याच जोरावर वेगवेगळ्या ठिकाणचा डीएनए प्लाझमिडमध्ये (जिवाणूतला गुणसूत्राबाहेरचा छोटा गोल डीएनए) जोडून जिवाणूत वाढवला. जिवाणूत तयार केलेलं मानवी इन्सुलिन १९८२ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं, त्याची वाट इथूनच जाते. सगळी एन्झाइमं शेपूट ठेवत नाहीत. स्मा-वन किंवा इको-आर-फाइव्ह सरळ काप देतात.

---

वर्धारोड

आत्ता समजलं. कागदावर लिहून पाह्यलं, बरोबर येते. धन्यवाद मॅडम.

---

कपाशी

मी शेतकी खात्यातून निवृत्त. आमच्याकडे वर्धा रोडच्या कापूस संशोधन संस्थेत जाणं-येणं असायचं, त्यामुळे बीटी कापसाच्या चर्चा खूप ऐकल्या. शेतकरी विचारायचे की बीटीचा जीन बियाण्यात "कापून बसवला" म्हणजे काय केलं? याच एन्झाइमने कापसाचा डीएनए कापला का?

---

अंबाझरी

कपाशी सर, हा गैरसमज मुलांच्या उत्तरपत्रिकेतही असतो. रिस्ट्रिक्शन एन्झाइमचं काम परीक्षानळीतच संपतं. बॅसिलस थुरिंजिएन्सिस (बीटी) या मातीतल्या जिवाणूच्या जीनवरून तयार केलेला, अळी मारणाऱ्या क्राय-वन-एसी प्रथिनाचा जीन, त्याला चालू ठेवणारा प्रमोटर, हे सगळं रिस्ट्रिक्शन एन्झाइम आणि लायगेज वापरून प्लाझमिडमध्ये बांधतात. कापसाच्या पेशीत तो तुकडा नेतो ॲग्रोबॅक्टेरियम हा जिवाणू, आणि गुणसूत्रात तो कुठे बसेल हे तेव्हा कुणाच्या हातात नव्हतं. बसवण्याचं काम झाडाच्या पेशीतली दुरुस्ती यंत्रणा करते. शेकडो रोपांतून चांगलं बसलेलं रोप निवडायचं आणि पुढे संकरातून वाणांत उतरवायचं. भारतात त्याला मार्च २००२ मध्ये परवानगी मिळाली.

कापसाच्या जिवंत पेशीत इको-आर-वन सोडलं तर संपूर्ण जीनोमचे लाखो तुकडे होतील आणि पेशी मरेल.

---

सोनेगाव

मग जिवाणू स्वतः कसा जगतो? इ. कोलायचा डीएनए ४६ लाख अक्षरजोड्यांचा असतो ना? वरच्या हिशेबाने त्यात हजाराहून जास्त जागा येतील. एका जागी खूण राहून गेली तरी खेळ खल्लास. आणि पेशी विभागताना नवा पदर तयार होतो त्यावर तर खूण नसतेच!

---

अंबाझरी

सोनेगाव, याच प्रश्नाची वाट बघत होते.

डीएनएची नक्कल होते तेव्हा प्रत्येक नव्या रेणूत एक पदर जुना असतो आणि त्यावर खूण असतेच. एका पदरावर खूण असली तरी एन्झाइम कापत नाही. उलट अशी अर्धी खूण असलेली जागा मिथाइल लावणाऱ्या एन्झाइमला लगेच भरून काढता येते. इको-आर-वनच्या जागेत मधल्या ए या अक्षरावर मिथाइल बसतो. एवढासा गट, एक कार्बन आणि तीन हायड्रोजन, पण बरोबर त्या खोबणीत बाहेर येतो आणि वर सांगितलेली जुळणी होऊ देत नाही.

दुसरी गोष्ट मला फार विलक्षण वाटते. इको-आर-वनची जोडी गुणसूत्रावर नसते, प्लाझमिडवर असते. समजा विभाजनात एखाद्या पिल्लू पेशीला ते प्लाझमिड मिळालंच नाही. दोन्ही एन्झाइमं आधीची तयार उरलेली असतात, पण नवी बनत नाहीत. पिढी-दर-पिढी ती विरळ होत जातात. नव्या डीएनएवरच्या हजारभर जागांवर खुणा पुरेनाशा होतात, आणि कापायला तर एक जागा पुरते. पेशी मरते. म्हणजे ही यंत्रणा एकदा घरात आली की तिला सोडता येत नाही. ती फाजांपासून रक्षण करते हे खरंच, पण ती स्वतःचंही रक्षण करते. मला तरी हे दुसरं अंग पहिल्याइतकंच महत्त्वाचं वाटतं.

---

रानपाखरू

नमस्कार. मी एमएस्सी सूक्ष्मजीवशास्त्र, दुसरं वर्ष. मॅडम, प्रोजेक्टमध्ये अडकले आहे. डीएच-फाइव्ह-अल्फा या इ. कोलायच्या वाणामधून प्लाझमिड काढलं. त्यात एक्सबीए-वनची एकच जागा आहे असं नकाशा सांगतो. पण एक्सबीए-वन टाकून ३७ अंशांवर रात्रभर ठेवलं तरी जेलवर न कापलेल्यासारखेच दोन पट्टे. त्याच प्लाझमिडला हिंड-थ्री व्यवस्थित कापतं, एकच पट्टा येतो. एन्झाइम खराब झालंय का? नवीन मागवायला गाईड तयार नाहीत, महाग आहे.

---

पिपेट

मी प्रयोगशाळेत तंत्रज्ञ आहे, एन्झाइमचा डबा माझ्याच ताब्यात असतो. ताई, आधी तेच एन्झाइम लॅम्डा डीएनएवर चालवून बघा. एन्झाइमचं एक युनिटच मुळी लॅम्डावरून ठरतं: एक मायक्रोग्रॅम डीएनए एका तासात पूर्ण कापेल एवढं. पण एक्सबीए-वनला लॅम्डात एकच जागा आहे, त्यामुळे जवळपास सारख्याच लांबीचे दोन मोठे तुकडे येतात आणि ते जेलवर एकाच पट्ट्यात दिसतात, म्हणून शेजारी न कापलेला लॅम्डा चालवून तुलना करा. एन्झाइम जिवंत आहे की मेलं हे त्याने कळेल.

साठवणीचं सांगतो. एन्झाइम ५० टक्के ग्लिसरॉलमध्ये येतं, म्हणून उणे २० ला गोठत नाही. बर्फ न साचणारे घरगुती पद्धतीचे फ्रीजर मधेमधे आपोआप तापतात, त्यात ठेवू नका. नागपुरात मे महिन्यात वीज गेली की पहिलं काम म्हणजे डबा बर्फात हलवणं. आणि एन्झाइम चालत नाही म्हणून जास्त ओतू नका. अभिक्रियेच्या दहाव्या भागापेक्षा जास्त एन्झाइम टाकलं की ग्लिसरॉल पाच टक्क्यांवर जातं, आणि मग पुष्कळ एन्झाइमं मिळत्याजुळत्या पण चुकीच्या जागीही कापायला लागतात. त्याला स्टार ॲक्टिव्हिटी म्हणतात. मीठ कमी पडलं, पीएच वाढला किंवा मॅग्नेशियमऐवजी मँगेनीज गेलं तरी तेच.

---

अंबाझरी

पिपेट, अगदी नेमकं सांगितलंत.

रानपाखरू, आधी दोन पट्ट्यांचं. न कापलेलं प्लाझमिड एकाच लांबीचं असूनही दोन रूपांत दिसतं: घट्ट पिळलेलं पुढे पळतं, एका पदराला चीर पडून सैल झालेलं मागे राहतं. एका जागी कापलं की सगळे रेणू सरळ होतात आणि एकच पट्टा येतो. तुझं हिंड-थ्री तेच दाखवतंय. म्हणजे डीएनए स्वच्छ आहे.

मला वेगळीच शंका येते. एक्सबीए-वनची जागा टी-सी-टी-ए-जी-ए. तुझ्या प्लाझमिडच्या क्रमात त्या जागेनंतर लगेच टी-सी येतं का, किंवा आधी जी-ए येतं का, ते बघ.

---

रानपाखरू

बघितलं. टी-सी-टी-ए-जी-ए नंतर टी-सी आहे! याचा काय संबंध?

---

अंबाझरी

सापडलं. शेवटची अक्षरं जोडून वाच: जी-ए-टी-सी. इ. कोलायमध्ये डॅम नावाचं एन्झाइम प्रत्येक जी-ए-टी-सीमधल्या ए वर मिथाइल लावतं. हे कापणाऱ्या जोडीतलं नाही. नक्कल करताना झालेली चूक दुरुस्त करायची तर जुना पदर कोणता आणि नवा कोणता हे कळावं म्हणून ती खूण असते. तुझ्या प्लाझमिडमध्ये एक्सबीए-वनची जागा आणि जी-ए-टी-सी एकमेकांवर आले, ए वर मिथाइल बसला, आणि एक्सबीए-वन अडलं. डीएच-फाइव्ह-अल्फामध्ये डॅम चालू असतं. एन्झाइम ठणठणीत आहे.

प्लाझमिड डॅम नसलेल्या वाणात घाल, तिथून पुन्हा काढ आणि मग काप. बहुतेक विभागांत कुणाकडे तरी तो वाण मिळतो, विकत घ्यायला लागणार नाही.

सत्तर वर्षांपूर्वी बर्तानी आणि वाइगल यांना दिसलं ते, आणि तुला जेलवर दिसलं ते, एकाच जातीचं आहे: अक्षरं तीच, पण मागच्या यजमानाची खूण वेगळी.

---

मेडिकल_चौक

डॉक्टर आहे, विदर्भातले सिकलसेलचे रुग्ण रोज बघतो. अंबाझरी, तुम्ही सिकलसेलचा भाग लिहिणार होतात. लोकांना हे नीट कळणं फार गरजेचं आहे. "एएस पॅटर्न आहे, म्हणजे आजार आहे का" हा प्रश्न चंद्रपूर-गडचिरोलीकडून आलेल्या प्रत्येक दुसऱ्या घरातून येतो, आणि एएस असलेल्या मुलीचं लग्न मोडल्याचं ऐकून जीव तुटतो. एएस म्हणजे वाहक, रुग्ण नव्हे. आईवडील दोघंही एएस असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळ एसएस, म्हणजे रुग्ण, होण्याची शक्यता चारात एक असते.

---

अंबाझरी

डॉक्टर, धन्यवाद. लिहिते.

हिमोग्लोबिनचा एक भाग असलेल्या बीटा ग्लोबिनच्या जीनमध्ये पाचवा आणि सहावा शब्द (तीन अक्षरांचा एक शब्द), आणि सातव्याचं पहिलं अक्षर, असं वाचलं तर निरोगी क्रम येतो: सी-सी-टी, जी-ए-जी, जी. सिकलमध्ये सहाव्या शब्दातल्या ए चा टी होतो: सी-सी-टी, जी-टी-जी, जी. एका अक्षराने ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन येतं आणि ऑक्सिजन कमी झाला की हिमोग्लोबिनच्या लांब काड्या बनून लाल पेशी वाकते.

आता एमएसटी-टू हे एन्झाइम काय ओळखतं बघा: सी-सी-टी, मग कोणतंही एक अक्षर, मग ए-जी-जी. निरोगी जीनमध्ये ही जागा बरोबर त्या सहाव्या शब्दावर आहे! सिकलमध्ये ए गेला, जागा मोडली, एन्झाइम तिथे कापत नाही. निरोगी जीनमधून १,१५० च्या आसपास अक्षरांचा तुकडा निघतो, सिकल जीनमधून १,३५० च्या आसपासचा. एए (निरोगी) असेल तर फक्त लहान पट्टा, एसएस असेल तर फक्त मोठा, एएस असेल तर दोन्ही. १९८२ मध्ये ही पद्धत प्रसिद्ध झाली.

याचं मोल केवढं ते गर्भाच्या निदानात कळतं. गर्भाचं रक्त बहुतांशी गर्भ-हिमोग्लोबिनचं असतं, सिकल हिमोग्लोबिन त्यात फारच थोडं. ते शोधायला गर्भाचं रक्त काढावं लागे, आणि त्यात धोका होता. जीन मात्र प्रत्येक पेशीत असतो, त्यामुळे गर्भजलातल्या पेशी पुरतात.

आपल्यासाठी अजून एक बाब. १९७८ मध्ये कान आणि डोझी यांनी एचपीए-वन एन्झाइम वापरून पहिली वाट दाखवली होती. पण ते एन्झाइम सिकलच्या जागी कापत नव्हतं, जवळच्या एका फरकावर अवलंबून होतं. पश्चिम आफ्रिकी वंशाच्या लोकांत सिकल जीन बहुतेक वेळा १३,००० अक्षरांच्या मोठ्या तुकड्यावर असे. भारतात आणि सौदी अरेबियात तो नेहमीच्या ७,६०० च्या तुकड्यावर निघाला. म्हणजे ती खूण इथे कामाची नव्हती. एमएसटी-टू प्रत्यक्ष बिघाडावरच बोट ठेवतं, म्हणून ते गडचिरोलीतही चालतं आणि घानातही. आणि त्या फरकातूनच हेही पुढे आलं की सिकलचं उत्परिवर्तन जगात एकाहून जास्त ठिकाणी स्वतंत्रपणे झालं असावं.

पीसीआर, म्हणजे डीएनएच्या एका तुकड्याच्या असंख्य नकला काढण्याचं तंत्र, ज्या १९८५ च्या शोधनिबंधातून जगापुढे आलं तोही सिकलसेलच्या निदानावरच होता, आणि त्यातही रिस्ट्रिक्शन एन्झाइम होतं. आज पीसीआरवर आधारलेल्या इतर सोप्या चाचण्या आल्या आहेत.

---

मेडिकल_चौक

सुरेख. एक सावधगिरी जोडतो. ही चाचणी फक्त विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देते. आपल्याकडे काही रुग्णांत एक जीन सिकलचा आणि दुसरा बीटा थॅलेसेमियाचा (बीटा ग्लोबिन कमी बनण्याचा आनुवंशिक आजार) असतो. एमएसटी-टूच्या जेलवर असा माणूस एएससारखाच दिसेल, कारण थॅलेसेमियाचा बिघाड सहसा दुसऱ्या जागी असतो. प्रत्यक्षात तो एसएससारखा आजारी असू शकतो. म्हणून एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे मोजणारी चाचणी), रक्ताची मोजणी आणि आईवडिलांची तपासणी सोबत हवीच.

---

धंतोलीकर

क्रिस्पर हे जीन कापायचं तंत्र ऐकलं होतं, ते हेच का? त्याने सिकलसेल बरा होतो अशी बातमी होती.

---

अंबाझरी

तेही जिवाणूंचंच फाजविरोधी शस्त्र, पण ओळखण्याची पद्धत वेगळी. रिस्ट्रिक्शन एन्झाइममध्ये ओळख प्रथिनाच्या आकारातच असते, त्यामुळे वेगळा क्रम हवा तर निसर्गात वेगळं एन्झाइम शोधावं लागतं. आजवर अशी हजारो सापडली आहेत. क्रिस्परमध्ये आरएनएचा एक तुकडा क्रम सांगतो आणि प्रथिन कापतं. आरएनए बदलला की जागा बदलते. ओळखीचा क्रमही वीसेक अक्षरांचा, त्यामुळे माणसाच्या जीनोममध्ये एकाच जागी नेम धरता येतो.

२०२३ च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेत मंजूर झालेला उपचार सिकलचं अक्षर दुरुस्त करत नाही. बीसीएल-११-ए या जीनचा लाल पेशींमधला नियंत्रक तो कापतो, त्यामुळे गर्भ-हिमोग्लोबिन पुन्हा बनू लागतं. आपल्याकडच्या सिकल जीनसोबत बहुधा एक फरक येतो, एक्समन-वन एन्झाइमची एक जास्तीची जागा, आणि त्या लोकांत गर्भ-हिमोग्लोबिन मुळातच जास्त असतं. तरी विदर्भातला आजार सौम्यच असतो असं कुणी समजू नये, डॉक्टर रोज बघतात.

---

रानपाखरू

मॅडम, विभागातल्या एका दादाकडे डॅम नसलेला वाण मिळाला. त्यातून काढलेलं प्लाझमिड एक्सबीए-वनने कापलं, एकच पट्टा, बरोबर हिंड-थ्रीच्या ओळीत. आता हाच पट्टा जेलमधून कापून काढून लायगेशन (लायगेजने सांधणं) लावतेय. एकाच एन्झाइमने कापलंय, तर व्हेक्टर (वाहक प्लाझमिड) स्वतःशीच पुन्हा जुळणार नाही यासाठी फॉस्फेटेज लावू का?

---

पिपेट

हो ताई, लावा. दोन्ही टोकं सारखी असली की व्हेक्टर आधी स्वतःलाच मिठी मारतो. फॉस्फेटेजने त्याच्या टोकांचा फॉस्फेट निघाला की लायगेजला त्याला एकट्याला सांधता येत नाही. इन्सर्टला (त्यात जोडायच्या तुकड्याला) मात्र लावू नका, फॉस्फेट कुठल्यातरी एका बाजूला लागतोच. आणि लायगेशनआधी फॉस्फेटेज गरम करून मारून घ्या, नाहीतर तो इन्सर्टचेही फॉस्फेट काढेल. तापमान आणि वेळ कंपनीच्या कागदावर असते, प्रत्येकाचं वेगळं.